कॅमेऱ्याआधी पोचलेली बातमी

आमच्या चॅनेलचा स्टुडिओ साकोलीत एका कृषी केंद्राच्या माडीवर आहे. खाली खतं आणि फवारणीची औषधं, वर बातम्या. धानाच्या हंगामात त्या औषधांचा वास जिन्याने वर चढतो, आणि मी हिरव्या पडद्यापुढे बसून "नमस्कार" म्हणते तेव्हा नाकाला आवर घालावा लागतो. प्रेक्षकांना वाटतं, बाई गंभीर बातमी सांगते आहे.

मी मुळात संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. बाजारात भाजीवालीने न मागता कोथिंबीर वर टाकली, तर मी पिशवीतले टमाटे उलटून पाहते. माझी आई म्हणायची, हिला देवाने प्रसाद दिला तरी ही आधी वास घेईल. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात मी कोणाकोणावर संशय घेतला याची मला लाज वाटत नाही. उलट माझ्यावर घेतला गेला, तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड झाला.

चॅनेलचे मालक म्हणजे भाऊ. सगळं साकोली त्यांना भाऊच म्हणतं, त्यांच्या सासुरवाडीची माणसंसुद्धा. त्यांनी तरुणपणी हा धंदा सुरू केला तो भाड्याच्या टीव्हीवर आणि व्हिडिओवर. लग्न असो, बारसं असो, गावातून बोलावणं आलं की भाऊ बैलबंडीत टीव्ही ठेवून जात, आणि लोक खळ्यात तणसावर बसून पिक्चर पाहत. पुढे डिशची छत्री आली. भाऊंनी मोहाच्या झाडांवरून, शाळेच्या कौलांवरून, कधी कोणाच्या न्हाणीच्या भिंतीवरून तार नेऊन घराघरात केबल दिलं. केबलवरचा एक नंबर त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. त्यावर दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं दंडारीचं नाटक, शाळेचं गॅदरिंग, गणपतीचं विसर्जन आणि लोकांची लग्नं दाखवायचे. ज्याचं लग्न लागायचं त्याचं अख्खं गाव दुसऱ्या आठवड्यात टीव्हीपुढे बसायचं, आपण पंगतीत दिसतो का ते बघायला.

मग सेट टॉप बॉक्स आले आणि लहान केबलवाल्यांचं कंबरडं मोडलं. भाऊंनी शहाणपण केलं, नागपूरच्या एका मोठ्या नेटवर्कशी हात मिळवला. त्यांनी आम्हाला चॅनेलचा नंबर दिला, माईकवर बसवायचा निळा डबा दिला आणि पडद्यावर वरच्या कोपऱ्यात त्यांचं नाव टाकलं. आमचं नाव खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. नागझिऱ्याकडे रस्त्यावर वाघ दिसला की त्यांचा फोन लगेच, क्लिप पाठवा म्हणून. ती क्लिप रात्रभर त्यांच्या पडद्यावर फिरायची आणि आमचा कुठे उल्लेख नाही. भाऊ म्हणत, "मोठ्या झाडाखाली बसलं का सावली भेटते." मी म्हणे, वरून पाखरं काय टाकतात तेही बघा.

आमच्याकडे माणसं मोजकीच. कॅमेरा सांभाळणारा, त्याला मी दादा म्हणते, पूर्वी लग्नाचे व्हिडिओ करायचा, आणि ते त्याच्या हातातून पूर्ण गेलेलं नाही. सुरुवातीला त्याने रास्ता रोकोच्या बातमीत दोन दृश्यांच्या मध्ये लाल बदाम उडवले होते. एडिटिंगही तोच करतो. भाऊ सकाळी फोनवर फोन घेऊन दिवसाच्या बातम्या ठरवतात, आम्ही दुपारपर्यंत फिरतो, आणि संध्याकाळी सातला मी वाचते. आता तेच बातमीपत्र मोबाईलवरही दिसतं. खाली सरकणाऱ्या पट्टीत वाढदिवस, निधन, कोणाची म्हैस हरवली ते. माझ्या तोंडाकडे बघणाऱ्यांपेक्षा त्या पट्टीकडे बघणारे जास्त, हे मला ठाऊक आहे.

मी या खुर्चीवर आले ती मंडईमुळे. आमचं गाव सानगडीच्या बाजूला. एका वर्षी आमच्या मंडईत सूत्रसंचालन करणारा माणूस ऐनवेळी आलाच नाही, आणि बायकांनी मला पुढे ढकललं. भाऊ तिथे दंडार शूट करायला आले होते. त्यांनी चार दिवसांनी घरी येऊन सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी एकच प्रश्न केला, "उभं राहून काम हाय का बसून?" बसून आहे म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. तेव्हापासून आठवडी बाजारात अनोळखी बायका मला थांबवून म्हणतात, "तुमी टीव्हीतल्या ना वो?" हे ऐकायला मला आवडतं. खोटं कशाला बोलू? माहेर सुटलं, सासरी मी कोणाची सून, कोणाची वहिनी. ती खुर्ची तेवढी माझी. ती जाऊ नये असं मला वाटायचं, आणि सगळी गोष्ट त्याच भीतीची आहे.

नागपूरहून नेटवर्कचे एक साहेब मधूनमधून यायचे. बारीक मिशीचे, चहाला नाही म्हणणारे. मागच्या उन्हाळ्यात ते आले आणि म्हणाले, तुमच्या भागात नदीतून चोरून रेती जाते, सगळी दुनिया बोलते, तुमच्याकडे एक दृश्य नाही. बातमी द्या, नाहीतर या भागाचं काम आम्ही दुसऱ्याला देऊ. भाऊंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही घाटांच्या मागे लागलो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा घाट झाडून ठेवल्यासारखा रिकामा. ट्रॅक्टरच्या चाकांच्या ओल्या खुणा पाण्यापर्यंत गेलेल्या, एक फुटकं घमेलं पडलेलं, आणि पलीकडे एक म्हातारा म्हशी धूत बसलेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "रेती? ते काय असते बाप्पा?" आम्ही म्हशींचे शॉट घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा दुसऱ्या घाटावर गेलो. तिथे तर खुणांवर झाडाच्या फांद्या ओढून सगळं पुसलेलं होतं. तिसऱ्यांदाही तेच. आम्ही यायच्या आधी आमची बातमी तिथे पोचलेली असायची.

"आपल्यातलाच कोणी सांगून राहिला," भाऊ म्हणाले. आपल्यात म्हणजे कोण? भाऊ, दादा, मी आणि गाडी चालवणारा, ज्याला गाडीत बसेपर्यंत कुठे जायचं ते माहीत नसायचं. उरले तिघं. त्यातले भाऊ तर मालक.

पुढच्या वेळी नेटवर्कचे साहेब आले ते माझ्याकडे बघतच जिना चढले. कोणीतरी त्यांच्या कानाला लागलं होतं. चहा नाकारून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी ट्रॅक्टर आहे ना?"

आहे. माझ्या दिराचा आहे. आमचे हे पतसंस्थेत नोकरीला, शेती दीर बघतो. ट्रॅक्टरने आधी धानाची कामं होतात, ती आटोपली की तो भाड्याने जातो. विटा, मुरूम, कधी रेतीही. आमच्याकडे रेती सगळेच वाहतात आणि विचारलं तर कोणीच वाहत नाही. मी साहेबांना म्हटलं, "ट्रॅक्टर तर या गल्लीत चार घरी आहे." ते हसले. भाऊ हसले नाहीत, आणि तेच मला लागलं.

साहेब गेल्यावर भाऊंनी मला बसवून घेतलं. म्हणाले, "मी तुले बहिणीवानी मानतो. पण हा भेद सापडला नाही तं मले खुर्चीवर दुसरी पोरगी बसवा लागन." कोचिंग क्लासमधली एक मुलगी त्यांनी हेरूनही ठेवली होती. घरी मी कुठे जाते ते कधी बोलत नसे. आमच्या ह्यांनाही नाही, कारण त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. पण हे भाऊंना पटवून देणार कसं? न सांगितल्याचा पुरावा कोणी कुठून आणावा?

तेव्हापासून मी जिन्यावर पाय ठेवला की वरचं बोलणं थांबायचं. बातम्यांचे कागद मला सात वाजायला आले की मिळायचे. एकदा तर दादाने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडून तिकडे फिरवला. मी ठरवलं, हे माझ्यावर नजर ठेवतात ना, मग मीही ठेवते.

माझा पहिला संशय दादावर. त्याने नवा मोबाईल घेतला होता, आणि फोन आला की तो खाली उतरून कडुनिंबाखाली जाऊन बोलायचा. माणूस वर चांगला पंखा सोडून उन्हात जाऊन बोलतो म्हणजे काहीतरी शिजतंय. एक दिवस मी कृषी केंद्रात भाजीचं बियाणं बघायचं निमित्त करून दाराआड उभी राहिले. दादा फोनवर सांगत होता, "हळदीचं बी घेऊ, लग्नाचं बी घेऊ, ड्रोन मात्र वेगळा पडन." चॅनेलचा कॅमेरा घेऊन हा बाहेरची लग्नं मारत होता! चोर सापडला, पण दुसऱ्याच चोरीचा. मला बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"ताई, भाऊले सांगू नोका."

"घाटावर तू सांगतोस का?"

"मायची आन ताई, नाही. मले तं तुमच्यावरच शक होता."

असे आम्ही दोघं कडुनिंबाखाली एकमेकांकडे बघत उभे राहिलो. त्याचं मी भाऊंना सांगितलं नाही.

मग माझा संशय भाऊंवर गेला. घाट घेणारे ठेकेदार आमच्याकडे वाढदिवसाच्या पट्ट्या लावतात, दिवाळीला शुभेच्छा देतात. भाऊ एका हाताने आम्हाला घाटावर नेतात आणि दुसऱ्या हाताने त्यांना सावध करतात, असं तर नाही? पण मग काम दुसऱ्याकडे जाईल म्हणून त्यांची झोप का उडाली असती? ते खरंच वाळले होते. मला काही उलगडेना.

पुढची फेरी भाऊंनी अगदी गुप्त ठेवली. सकाळी आम्हाला सांगितलं फक्त, गाडीत बसा. कुठे, ते नाही. गाडी सुटण्याआधी त्यांनी आपली चामड्याची बॅग उघडून धरली आणि सगळ्यांचे मोबाईल आत टाकायला लावले. माझाही. मी दिला, पण असा आपटला की त्यांनी एकदा बॅगेत वाकून पाहिलं. त्यांचा स्वतःचा फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तसाच होता. नेटवर्कचा फोन आला तर, असं त्यांचं म्हणणं.

गाडी दिघोरीच्या वाटेला लागली आणि मग आतल्या एका गावाकडे वळली. घाटावर पोचलो तर काय? नदी, वारा आणि बगळे. खुणा ताज्या, माणूस एक नाही. दादाने कॅमेरा खांद्यावरून उतरवला आणि पहिल्यांदा त्याने भाऊंच्या खिशाकडे पाहिलं. मीही पाहिलं. भाऊ कपाळाला हात लावून दगडावर बसले. म्हणाले, "आता तं देवालेच माहीत."

नेहमीप्रमाणे आम्ही जेवायला गावात गेलो. ही आमची जुनी रीत आहे. ज्या गावात शूटिंग असेल तिथल्या केबलवाल्याच्या घरी जेवायचं. तार जोडायच्या दिवसांपासून हे चालत आलं आहे, कारण त्या वेळी गावात हॉटेल नसायचं आणि भाऊ ज्याच्या घरी जेवले त्याचं गावात वजन वाढायचं. या गावचा केबलवाला तर भाऊंचा साडूच. पाट मांडलेले, पाणी ठेवलेलं, आणि आतून तळणाचा वास. लाखोरीच्या डाळीचे वडे.

पुरुष बसले आणि मी पदर खोचून आत गेले. घरची बाई चुलीपाशी घामाने भिजली होती. मी परातीतलं पीठ पाहिलं. पाट्यावर वाटलेलं, भरपूर, चांगलं फुललेलं. लाखोरीची डाळ मीही करते. ती भिजायला रात्र जाते. सकाळी ठरवून दुपारी वडे होत नाहीत.

"डाळ कधी भिजू घातली?" मी विचारलं.

"कालच्याच राती. भाऊजीचा फोन आला न, चार मानसं येऊन राहिले म्हनून." वडा उलटत तिने सहज सांगितलं. "मंग शेजारनीले सांगतलं पाटा घेऊन ये म्हनून. दह्यासाठी वरच्या मोहल्ल्यात पाठवलं. टीव्हीवाले येतेत म्हटल्यावर कोन नाही देनार?"

मी तिथेच चुलीपुढे बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मागच्या सगळ्या फेऱ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. एके ठिकाणी तलावातल्या माशांचा रस्सा होता. एके ठिकाणी पाटवड्या. मी त्या खाल्ल्या होत्या, दोनदा वाढून घेतल्या होत्या, आणि मला, भाजीवालीचे टमाटे उलटून पाहणाऱ्या बाईला, एकदाही वाटलं नाही की हे मासे कोणी, कधी सांगून ठेवले. आमचे फोन बॅगेत घालणारा माणूस आदल्या दिवशी स्वतःच्या फोनवरून जेवण सांगत होता. आणि ज्या गावात टीव्हीवाले जेवायला येणार, तिथे दही कोणाकडून येतं, तर घाटावर ज्याचा ट्रॅक्टर उभा आहे त्याच्याच घरून.

हात धुवायला भाऊ अंगणात आले तेव्हा मी त्यांना गाठलं. आवाज खाली ठेवायचा ठरवलं होतं, जमलं नाही.

"भाऊ, घाटावर तुम्हीच सांगता."

ते लाल झाले. "मी? मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ काय?"

मी डाळीचं सांगितलं. माशांचं सांगितलं. साडू दारात उभे राहून ऐकत होते, दादाचा घास हातातच राहिला होता. भाऊंनी ओले हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाले, "पण जेवनाचं तं सांगावंच लागते ना. ऐनवेळी चार मानसं घरात घुसली तं बाईमानसानं काय करावं? आपल्यात असं कोनी जाते काय?" आणि हे ते इतक्या खरेपणाने म्हणाले की दादाला हसू फुटलं. मला नाही फुटलं. महिनाभर मी चोर ठरले होते.

खरंच ते भोळेपण होतं का, हे मी आजही पक्कं सांगू शकत नाही. साडूंच्या अंगणात कोपऱ्यात रेतीचा एक चांगला उंच ढीग होता. घर बांधायला काढलंय, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

भाऊंनी माझी माफी मागितली नाही. त्यांची तशी पद्धत नाही. थोड्या दिवसांनी सातचं बातमीपत्र झाल्यावर दादा खाली उतरला आणि भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्या सकाळी चुलबंदच्या घाटावर. सानगडीकडं, तुमच्याच बाजूले. हे फक्त तुले सांगून राहिलो. जेवन कुठंच नाही, डबा आन." हा विश्वास होता की परीक्षा, हे मला ओळखता आलं नाही. दोन्ही असेल.

घरी आले तर जेवणं सुरू व्हायची होती. दीर पाटावर बसता बसता सासूबाईंना म्हणाला की उद्या सकाळी लवकर चहा हवा, ट्रॅक्टर घेऊन जायचंय. कुठे ते तो बोलला नाही. कुठे ते मला कळलं. मी त्याला भात वाढला. तो माझ्यापेक्षा लहान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा आणि माझ्या हातचं वरण आवडतं म्हणून दुसऱ्यांदा मागायचा. मी डाळ वाढली, लोणचं वाढलं, आणि जिभेवर आलेलं गिळलं. सांगितलं असतं, तर भाऊंचा आणि साहेबांचा संशय खरा झाला असता. महिनाभर ज्या आरोपाने मी जळत होते तो मीच खरा करायचा? हे मी करणार नव्हते. तेव्हा माझी खात्री होती.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा घाट भरलेला होता. ट्रॉल्यांची रांग, पाण्यात उतरलेली माणसं, घमेल्यांचा आवाज. भाऊंनी महसूलच्या लोकांना फोन लावला तोही घाटावर उभं राहूनच. निळ्या डब्याचा माईक माझ्या हातात होता. रांगेत तिसरा ट्रॅक्टर आमचा. दीर हुडावर हात टेकून उभा होता. त्याने मला पाहिलं आणि तो घाबरला नाही. त्याने हात वर केला, हसला, आणि माझ्याकडे यायला निघाला, काही निरोप असेल म्हणून.

दादाने कॅमेऱ्यातून डोळा काढला. "ताई, घेऊ?"

"घे," मी म्हटलं.

संध्याकाळी भाऊंनी विचारलं, तुला वाचायचं नसेल तर मी दुसऱ्या कोणाला बसवतो. मी वाचलं. आवाज हलला नाही. नेटवर्कने ती बातमी आपल्या पडद्यावर घेतली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमचं नावही दाखवलं. साहेबांनी फोन करून भाऊंना सांगितलं, "मॅडमना शाबासकी द्या." खुर्ची माझीच राहिली. खाली उतरले तर कृषी केंद्रातला माणूसही अभिनंदन करून गेला.

घरी आले तर दीर सपरीत, पुढच्या ओसरीवर, भिंतीला टेकून बसलेला. ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात जप्त होऊन उभा होता. आमचे हे खाली मान घालून मोबाईल बघत होते. सासूबाई दारात आल्या.

"तुले कालच मालूम होतं का वं?"

"हो."

"जेवाले वाढत होती तवा?"

"हो."

त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, आता दीर ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, माझ्याजवळ सगळी उत्तरं तयार होती. पण तो म्हणाला, "वयनी, एक सांगा. मंग याच्या आदी घाटावर निरोप कोन देत होतं?"

मी त्याला सांगितलं. जेवणाचे फोन, दही, भिजवलेली डाळ. तो ऐकत राहिला आणि मग त्याने माझ्याकडे न बघता मान हलवली.

"मले वाटे, तुमीच कोनाकडून तरी सांगता. मी येऊ नये म्हनून. गावातले लय डाव विचारत, टीव्हीतून कोन सांगते म्हनून. मी तुमचं नाव कदी काढलं नाही. म्हटलं, वयनीची नोकरी जाईन."